‘काय करत नाही ओ तो!’

पारा चाळिशी ओलांडून गेल्यामुळे माणसे व श्वान या दोहोंनाही ज्या एकाच शीतल प्रहरी घराबाहेर पडणे शक्य असते, त्या प्रहरी जुळे सोलापुरातील वा होटगी रस्त्यालगतच्या वसाहतीतील एखादा गृहस्थ आपल्या पॉमेरेनियनास रेशमी पट्ट्याने बांधून निघाला असता, साखळी हा स्वजातीचा अपमान मानणारा एखादा अल्सेशियन जेव्हा त्याच्यासमोर अकस्मात प्रकट होतो, तेव्हा मागाहून सावकाश येणाऱ्या मालकाच्या मुखातून एक अभयवचन हटकून बाहेर पडते : ‘घाबरू नका ओ, काय करत नाही तो.’ हा करार त्या श्वानास मात्र क्वचितच कळविलेला असतो. लहानगा कडेवर, धन्याचा जीव कंठाशी, आणि वर ‘तुमचंच आधी भुंकलं की’ ही उलट फिर्याद! (फिर्यादीत तथ्य नसते असे नाही, स्वतःच्या आकारमानाची दखल घेण्याची पॉमेरेनियनास सवय नाही.)

वास्तविक, पाळीव जनावराच्या बंदोबस्तात कसूर करणाऱ्यास १८६० च्या दंडसंहितेचे २८९ वे कलम सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही फर्मावीत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने २९१ व्या कलमात कैद तीच ठेवून दंडाची मर्यादा पाच हजारांवर नेली. साखळी बाजारात याहून पुष्कळ स्वस्त मिळते.