मुंबई ते न्यूयॉर्क, दोऱ्याने

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. ज्या घरातली लेक तिकडे नांदते, त्या घरात ते कधी ना कधी मोजले जातेच आणि बहुधा चुकते. चूक भिंतीवर टांगलेली असते.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली की रेघ अरबस्तान, इजिप्त, मोरोक्कोतले मराकेश असे करत अटलांटिकमध्ये उतरते. रेघ नाकासमोर जाते खरी, पण या वाटेने १४,२०० किलोमीटर भरतात. वरचे १,७०० म्हणजे मुंबईहून कोलकाता गाठण्याइतके, आणि तेही काही काम नसताना. हा मर्केटरचा प्रताप. त्याने १५६९ साली नकाशा काढला तो खलाशांसाठी, होकायंत्राची एकच दिशा धरून जाता यावे म्हणून. त्या सोयीपायी ध्रुवांकडचे प्रदेश पापडासारखे लाटले गेले. आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट मोठी आहे. नकाशावर दोघी जुळ्या बहिणी दिसतात.

खरे अंतर हवे असेल तर पृथ्वीचा गोल आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घ्यावा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबावे. अंगठ्याखाली नाशिक, पुणे आणि बराचसा मराठवाडाही दबतो. त्याला इलाज नाही. दुसरे टोक न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणला की तो मराकेशकडे ढुंकूनही न पाहता उत्तरेला सटकतो आणि सेंट पीटर्सबर्गच्या आसपासून, आइसलँडचा दक्षिण किनारा धरून, ग्रीनलंडच्या टोकाला चाटून अमेरिकेत उतरतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हा दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीत मावतो. एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर.

दोऱ्यावर विश्वास नसणाऱ्यांसाठी त्रिकोणमिती आहे. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घेतले की पृथ्वीच्या केंद्रापाशी ११२.७ अंशांचा कोन निघतो. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरून गुणावे. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाशी ६,३५७ किलोमीटर, असा आक्षेप घरातला इंजिनिअर जावई घेतोच. त्याने उत्तर अर्ध्या टक्क्याहून जास्त हलत नाही.

विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. दोऱ्याच्या वाटेवर पाकिस्तान आणि रशिया येतात. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून बंद आहे. मग वळसा आला. शिवाय वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून येताना वेळ सहसा कमी लागतो. तेव्हा लेकीला आणायला विमानतळावर निघणाऱ्यांनी दोरा घरीच ठेवावा आणि विमान कुठवर आले ते फोनवर पाहून निघावे.