खाल्ल्या घरचे वासे

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, हे आपल्याकडे मुलांना अक्षरओळखीच्याही आधी शिकवतात. म्हणून जर्मनीतल्या एस्लिंगेन गावी रीतसर तिकीट काढून परक्यांच्या घरांचे वासे मोजायला उभा राहिलो, तेव्हा मला जरा चोरट्यासारखं वाटत होतं. मनाची समजूत एवढीच, की इथे खाल्लेलं काही नाही. नेकार नदीच्या काठी, श्टुटगार्टला जवळजवळ खेटून हे गाव आहे. माझा पुतण्या तिकडे नोकरीला असतो आणि बुलढाण्याहून आलेल्या पाहुण्याला तो हमखास या फेरीला घालतो. हाफेनमार्क्टवर लाकडी सांगाड्याच्या घरांची एक ओळ आहे, 1328 ते 1331 या काळातली. अशी सलग ओळ याहून जुनी जर्मनीत दुसरी नाही. लाकडातली वार्षिक वलयं मोजून झाड कोणत्या साली पडलं तेही ती मंडळी सांगतात. आमच्याकडे घराचं वय विचारलं तर 'प्लेगच्या आधीचं' किंवा 'दुष्काळानंतरचं' असं उत्तर येतं, आणि खोलात शिरलंच तर दुष्काळ कोणता यावरून वाद होतो.

लाल छत्री उंच धरलेली वाटाड्या बाई पुढे, मागे आम्ही. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे झुकलेला, त्याच्यावरचा आणखी पुढे. गल्लीच्या दोन्ही बाजूंची घरं माथी जुळवून कुणाची तरी चहाडी करत असावीत. तिरप्या लाकडांच्या एका रचनेला तिकडे 'रानटी माणूस' म्हणतात, कारण ती हातपाय फाकून उभ्या राहिलेल्या इसमासारखी दिसते. मधल्या चौकटी कशाने भरल्यात, तर काठ्यांचा कुड, त्यावर चिखल, चिखलात पेंढा. हे ऐकून आमच्यातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी आजी हाच चिखल पायांनी तुडवायची, तेव्हा डोलावायला कुणी नव्हतं. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. दोन तासांत आम्ही इतकी घरं पाहिली आणि एकाही घराने आम्हाला पाहिलं नाही. पडदे स्थिर, दारं बंद. या घरांनी आपला सांगाडा अंगाबाहेर काढून ठेवलेला, त्यामुळे आत जायचं कारणच उरत नाही.

पुढे पुतण्या आश्विनात देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेला आला. यात्रेत भक्तमंडळी उंचच उंच लाकडी लाटा उभ्या करून मंडप घालतात, ते बघताना त्याच्या डोक्यात आलं असावं, की असा फेरफटका आपल्याही गावातून का नको? त्याने कागदावर गल्लीचा नकाशा काढला, वाडे हेरले आणि प्रत्येक वाड्याला दहा मिनिटं दिली. त्या दहा मिनिटांकडे पाहून मी गप्प राहिलो. वडीलधाऱ्यांना एवढा आनंद तरी घेऊ द्यावा.

आमच्या वाड्यांची रीत उलटी. रस्त्याकडे कोरी भिंत, खाली दगड, वर पांढऱ्या मातीची किंवा विटांची, खिडकीच्या नावाने एखादा झरोका. मोठ्या दरवाजाला छोटी दिंडी, आणि ती अशा बेताने ठेवलेली की आत येणाऱ्याची मान आपोआप लवावी. सागवान सगळं आत. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर नक्षीचे हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर सर, सरांवर किलचनं, त्यावर पाला आणि पाल्यावर वीतभर जाड मातीचं धाबं. म्हणजे लाकूड बघायचं तर ढेलजेतून आत जायला हवं, आत जायचं तर कुणीतरी 'या' म्हणायला हवं, आणि 'या' म्हटल्यावर पुढचं काही आपल्या हातात राहत नाही.

पहिल्या दारात पुतण्याने मान वर करून हस्त निरखायला सुरुवात केली, तोच ओसरीवरून प्रश्न आला, "लाकूड घ्याले आले का?" प्रश्न अगदी रास्त होता. जुनं सागवान विकत घेणारे गावोगाव हिंडतात, वाडे उतरवले जातात आणि त्यांचे खांब शहरांतल्या हॉटेलांत नि फार्महाऊसांत जाऊन उभे राहतात. "नाही बाबा, नुसतं पाहायला," असं सांगितल्यावर म्हातारबाबांचा संशय दुणावला. नुसतं पाहायला तर मुलीकडचे येतात. मग गाव विचारून झालं, आडनाव झालं, आजोळ झालं, आणि आजोळातून एक दूरचं नातं निघालं. नातं निघालं म्हणजे चहा आला, चहाबरोबर चिवडा. दहा मिनिटं केव्हाच संपली होती. बाबांनी बोटाच्या पेराने खांब वाजवून दाखवला. "मेळघाटाचं लाकूड हाय. खामगावले मोठे वाडे असतीन, पन ते कापसाच्या पैशाचे." घाटावरच्या माणसाने घाटाखालच्यांना एवढा टोला द्यायचाच असतो. तसं त्यात तथ्यही आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाकडे वळल्या, 1870 मध्ये तर जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटाच गेला. मॅंचेस्टरचे धोटे थांबू नयेत म्हणून घाटाखाली तुळया जाड झाल्या, असंही म्हणता येईल.

पण माझं मन अडकलं ते पुढच्या वाड्यात. दोन भावांत वाटणी झालेली, खणाखणाने. मधोमध भिंत घातली, आणि ती नेमकी खांबाच्या ओळीत आली. खांब कुणाचा? पंचांनी निवाडा केला असणार, की अर्धा अर्धा. त्यामुळे त्या खांबाची एक बाजू हिरव्या ऑइलपेंटची आणि दुसरी आकाशी. हिरवा थोरल्याचा, आकाशी धाकट्याचा. वरची तुळई दोन्हीकडे सलग गेलेली. एकाने लाकूड विकायचं म्हटलं तर दुसऱ्याचं धाबं डोक्यावर येईल. दोघांनाही कधी ना कधी गिऱ्हाईक येऊन गेलंय, दोघांनाही स्लॅब टाकायचाय, दोघांचंही एकमेकांवाचून अडलंय. जर्मनीत जुनं घर टिकवायला कायदा आहे, खिडकीची चौकट बदलायलाही परवानगी लागते. इथे ते काम भाऊबंदकी बिनपगारी करते. एका सज्जन, समजूतदार कुटुंबाने असला वाडा केव्हाच विकून पैसे वाटून घेतले असते.

धाबं गळतं ते मात्र पक्षपात न करता. पावसाळ्याआधी वर पांढरी माती चढवायची, तुडवायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. आणि डोक्यावर पाटी घेऊन शिडी चढणारा माणूस आता मिळत नाही. थोरल्या घरच्या मावशी सांगत होत्या, गेल्या ज्येष्ठात दोन्ही घरची पोरं एकत्रच चढली, कारण पाणी कुणाच्या बाजूला मुरलं आणि कुणाच्या बाजूला टपकलं याचा हिशेब लागेना. भिंतीत एक दारही आहे. भाद्रपदात महालक्ष्म्या थोरल्याकडे बसतात तेव्हा ते उघडतं, धाकट्याच्या घरचं पुरण-आंबील त्याच दाराने येतं आणि पानं एका पंगतीत मांडली जातात. बाकी वर्षभर त्या दाराला टेकून ज्वारीचं पोतं. पोतं आहे धाकट्याच्या बाजूला. आम्ही आहोत हे कळल्यावर पलीकडून ते सरकवल्याचा आवाज आला आणि एक वाटी शेव आत सरकली. बोललं कुणी काहीच नाही. पुतण्याने घड्याळ खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिंदखेडराजाला गेलो, लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात, जिजाऊंच्या जन्मस्थानी. तिथे दगडी दरवाजाचा दरारा अजून तसाच आहे, पण राजघराण्याच्या माथ्यावरच्या तुळया कुठे गेल्या ते काळालाच ठाऊक. दगड इतिहासाच्या वाट्याला येतो, लाकूड वारसांच्या. फेरफटका तिथे मात्र ठरल्या वेळात पार पडला. कुणी आडनाव विचारलं नाही.

तुम्हाला हे वाडे बघायचे असतील तर लवकर निघा, दरवर्षी पावसाळ्यात एखादा खाली बसतोच. नकाशा नेलात तरी चालेल, पण सकाळी घरून जेवून निघू नका. फोटो काढण्याआधी विचारा. आणि खांबाची तारीफ जपून करा. भाव विचारायला आलात असा समज होतो.