परण्या वाजवण्याची रीत

लग्नपत्रिकेत मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी, असा छापलेला असतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पत्रिकेतल्या सगळ्या मजकुरावर लोकांचा विश्वास असतो, त्या पस्तीस मिनिटांवर मात्र नसतो. तरी मुहूर्त गाठावा लागतो, कारण गुरुजींना पुढं दुसरं लग्न असतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत वाजतगाजत येतो, तो परण्या. लग्न लागल्यावर जोडीनं निघते, ती वरात. वरात कितीही रेंगाळली तरी लग्नाचं काही बिघडत नाही. फक्त रात्री १० वाजता ध्वनिवर्धक बंद करायचा, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात आणि ते समजावून द्यायला एखादा हवालदार येतो. परण्याला हवालदार नसतो. त्याला मुलीचा बाप असतो, आणि तो कार्यालयाच्या दारात उभा राहून घड्याळ बघण्यापलीकडं काही करू शकत नाही.

वाद्याची निवड मुलाकडच्यांनी करायची असते. ती घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून करावी आणि मग नवरदेवाचे मित्र म्हणतील ते आणावं. सनईचा प्रश्न येत नाही. ती सकाळपासून पेनड्राइव्हमधून वाजत असते आणि तिच्याकडं फक्त आचारी लक्ष देतो.

हलगी, घुमकं, कैताळ हा संच उत्तम. वीज लागत नाही, गाडी लागत नाही, बोळातूनही जातो. हलगी चामड्याची असेल तर ती जाळावर शेकून ताणावी लागते. मे महिन्यात सांगलीला त्या जाळाची गरज नाही, जूनमध्ये मात्र सर आली की हलगी बद्द वाजू लागते. हलगीचा खरा दोष निराळा आहे. ती कडाडली की पन्नाशीच्या पुढची माणसंही रिंगणात उतरतात, आणि पोरांना बाजूला सारता येतं तसं चुलत्यांना सारता येत नाही. बेंजोवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा असतात, त्यामुळं कुठलंही गाणं टाइप केल्यासारखं ऐकू येतं. पण लोकांना चालतं.

राहिली डॉल्बी. हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली आणि ध्वनिफितीतली खरखर कमी करण्याच्या तंत्रानं नाव कमावलं. आपल्याकडं त्यांचं नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या भिंतीला दिलेलं आहे. लग्न मिरजेत असेल तर ही भिंत कुठून न्यायची याचा विचार करावा. तिथं भोपळ्याचे तंबोरे घडवणारे कारागीर तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी लावत बसलेले असतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या कानांच्या जोरावर. भिंत त्या गल्लीतून गेली की तंबोरा पुन्हा पहिल्यापासून.

आता वेळ. देवळापासून कार्यालय अर्धा किलोमीटर धरा. चालत सहा-सात मिनिटं. परण्याला माझ्या घड्याळानं सव्वा तास लागतो. पूर्वी तांब्याची, बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडत. ती चोवीस मिनिटांत भरून बुडाली की एक घटिका झाली. नाचणाऱ्यांची ‘अजून एकच’ ही विनंती त्या वाटीला ऐकू येत नसे, ही तिची मोठी सोय होती.

उशिराचं मूळ नाचण्यात नाही, नोटांत आहे. दहाच्या कोऱ्या नोटांचं पुडकं घेऊन एक आतोबा बँडच्या पुढं चालत असतात. ते नोट ओवाळून देतात, क्लॅरिनेटवाला ती टोपीत खोचतो आणि तेच कडवं परत घेतो. गाणं किती लांबणार हे पुडक्याच्या जाडीवरून काढता येतं. म्हणून आतोबांना आधीच मांडवात नेऊन फेटा बांधायला बसवावं. ‘झिंगाट’ देवळापाशीच उरकून घ्यावं, फाटकापाशी चुकूनही नको. २०१६ साली ‘सैराट’ आला तेव्हापासून ते एकदा वाजून थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. साताऱ्यात शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय, तेव्हा परण्या राजवाड्याकडं चढत असेल तर बँडला संथ चाल द्यावी, फुंकणाऱ्यांना दम लागतो. सांगली सपाट आहे, पण तिथली अडचण सांस्कृतिक. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली तिथं ‘सीता स्वयंवर’ केलं. भाव्यांच्या नाटकांत आधी मंगलाचरण, मग विदूषक, गणपती, सरस्वती आणि त्यानंतर कथा. तो क्रम सांगलीकरांच्या अंगात इतका भिनलाय, की सगळे विदूषक नाचून झाल्याशिवाय नवरदेव मांडवात शिरत नाही.

घोड्याबद्दल आपल्याकडं एक म्हण आहेच, ती पाळावी, म्हणजे घोडं पुढं ठेवावं. नवरदेव उतरला की मात्र घोडेवाल्याचे पैसे चुकते करून त्याला लगेच लांब पाठवावं. कारण ऐतिहासिक आहे. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकून जांब गावचा एक मुलगा पळाला, तो पुढं रामदास झाला, अशी कथा आहे. समर्थ स्थिरावले ते सज्जनगडावर, आणि त्यांच्या अकरा मारुतींपैकी बहुतेक याच दोन जिल्ह्यांत आहेत: चाफळ, मसूर, उंब्रज, इकडं शिराळा, बहे. म्हणजे आपला नवरदेव अशा मुलखात, एका ब्रह्मचारी देवाच्या दारातून निघून, तोच शब्द ऐकायला येतो. जोखीम घेऊ नये.

पुढाऱ्यांच्या शुभाशीर्वादाला किती वेळ धरायचा हे सांगण्यात अर्थ नाही.

नवरीला मामा आणतात. त्या वेळी बँडनं काय वाजवावं यापेक्षा काय वाजवू नये हे महत्त्वाचं. ‘नीलकमल’मधलं रफींचं बिदाईगीत बँडवाल्यांना तोंडपाठ असतं, आणि नवरी अजून यायची असतानाच तिला निरोप दिला, की आई जी रडायला लागते ती पंगतीपर्यंत थांबत नाही.

सगळ्यांत नाजूक क्षण अक्षतांचा. शेवटच्या मंगलाष्टकानंतर अंतरपाट दूर होताच बँड आणि फटाके एकदम. दारातल्या बँडवाल्याला आतलं ऐकू येत नाही, म्हणून कुणीतरी रुमाल हलवायचा असतो. हा माणूस नेमून ठेवावा आणि इतरांचे रुमाल काढून घ्यावेत. साताऱ्यात भाचीच्या लग्नात मी मामा म्हणून तिच्या मागं उभा होतो. तिसरं अष्टक चालू होतं. मी घाम पुसला.

बँड सुरू झाला, दहा हजारांची माळ सुटली, लोकांनी हातातल्या सगळ्या अक्षता एका झोक्यात टाकल्या आणि मांडव जेवणाकडं पळाला. गुरुजींनी मोकळ्या खुर्च्यांकडं पाहून चौथं अष्टक सुरू केलं. अंतरपाटापलीकडून जावईबापूंनी हळूच विचारलं, “लागलं का?”

“अजून दोन आहेत,” भाची म्हणाली. “हलू नका.”