हरकत घेता का हरकत?

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण, टिळक मार्ग, नवी दिल्ली.
मार्फत : दिल्ली दरवाजा, शनिवारवाडा, पुणे.

विषय : मौजे कन्हेरी, ता. बारामती, जि. पुणे येथील नियोजित सात मजली कार्यालय संकुलास हरकत घेण्याबाबत विनंती.

महोदय,

स्मारकाजवळ बांधायला ना-हरकत द्या म्हणून तुमच्या दारात रांग असते. हरकत घ्या म्हणून आलेला हा बहुधा पहिलाच अर्ज. कन्हेरीत सात मजली, चहूबाजूंनी काचेचं एक कार्यालय संकुल उभं करायचं आमच्या मनात आहे. जागा ठरलेली नाही, पैसा जमलेला नाही, भाड्याने कोणती कंपनी येणार तेही माहीत नाही. म्हणजे प्रकल्प अहवाल लिहायला लागतं ते सगळं तयार आहे. कमी आहे ती फक्त तुमच्या हरकतीची. हरकत आली की या मातीला इतिहास आहे हे सरकारी कागदावर चढतं, आणि आम्हाला तेवढंच पाहिजे.

फायलीत घोळ नको म्हणून आधीच सांगतो. बोरिवलीच्या डोंगरात लेणी आहेत ती कन्हेरी वेगळी. आमची कन्हेरी काटेवाडीच्या शेजारची, उसातली. आमच्याकडे लेणी नाहीत, मारुती आहे. निवडणूक आली की प्रचाराचा पहिला नारळ या मारुतीपुढे फोडायचा ही पवार घराण्याची रीत सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. घरात एकच पक्ष होता तोवर एका नारळात भागायचं. राज्याच्या राजकारणाचा एवढा इतिहास करवंट्यांच्या रूपाने जिथे साठला, ती जागा राष्ट्रीय महत्त्वाची नाही तर काय?

पण तुमचा १९५८ चा कायदा आडवा येतो. प्राचीन स्मारक ठरायला किमान शंभर वर्षं भरावी लागतात. शरद पवार पहिल्यांदा आमदार झाले १९६७ साली. नारळाचा हिशोब तिथून धरला तरी शंभरी २०६७ मध्ये. तोवर आमचं काचेचं संकुल बांधून, वापरून, गळायला लागून पुनर्विकासाला निघालेलं असेल.

खरा इतिहास आमच्या तालुक्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन मागे फिरला, हे दुःख वेगळंच. २८ एप्रिल १७४० ला थोरले बाजीराव गेले. त्यांची बहीण भिऊबाई बारामतीच्या नाईकांकडे दिलेली. तिचे दीर बाबूजी नाईक मोठे सावकार. खुद्द बाजीराव त्यांचे देणेकरी. रघूजी भोसल्यांच्या पाठबळावर बाबूजींनी पेशवेपदासाठी शाहू महाराजांकडे खटपट केली, थैल्या मोकळ्या करायची तयारी दाखवली. महाराजांनी वस्त्रं दिली ती बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना. उलटा कौल पडला असता तर पेशव्यांची गादी कऱ्हेकाठी आली असती, आणि आज बारामतीच्या निम्म्या बाजारपेठेवर तुमची बांधकाम अडवणारी रेघ असती. नाईकांचा वाडा कऱ्हेकाठी अजून उभा आहे. त्याच वस्तीत मोरोपंतांनी आयुष्यभर आर्या रचल्या. पण तुमची टेप तिकडे काही फिरली नाही.

ज्यांच्या नशिबी रेघ आली त्यांच्याकडे पाहून आमचा हेवा थोडा कमी होतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

शनिवारवाड्याला पहिली हरकत तुमची नव्हे. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये. पण उत्तरेकडच्या दरवाजाला साताऱ्याहून हरकत आली, असं सांगतात. वाड्याचं तोंड दिल्लीकडे करणं म्हणजे पातशाहीला आव्हान, ते शाहू महाराजांना नको होतं. ते असेपर्यंत दरवाजाचं काम रखडलं. मग तो झाला आणि त्याला नाव पडलं दिल्ली दरवाजा. आज त्याच दरवाजासमोर राहणाऱ्याला माडीवर एक खोली चढवायची म्हटली तरी दिल्लीकडे तोंड करून बसावं लागतं. पेशव्यांची दूरदृष्टी म्हणतात ती हीच असावी.

तुमच्या रेघा आल्या १९९२ च्या अधिसूचनेने. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर निषिद्ध, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. २०१० च्या दुरुस्तीने त्या कायद्यात पक्क्या केल्या. तुम्हीही त्याच दुरुस्तीचं अपत्य. पहिल्या शंभरात डागडुजी करता येते, तीही परवानगीने. नवं बांधायचं नाही, आणि जुनं कोसळलं तर त्याच मापाचं पुन्हा उभारायचंही नाही. पुढच्या दोनशेत अर्ज करून पुन्हा बांधता येतं. नियम मोडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता शनिवार-कसब्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात जाऊन बसा. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात कौलं फिरवून होत नाहीत. भाडेकरूला तेवढ्या भाड्यात दुसरीकडे खोली मिळत नाही. सागवानी खांबाला वाळवी, जिन्याची तिसरी पायरी ओलांडून चढायची. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची नोटीस येते : वाडा धोकादायक, ताबडतोब रिकामा करा. टिळक मार्गाचा कायदा सांगतो : पडला तर बांधू नका. दोन्ही कागद खरे, दोन्हींवर गोल शिक्का. मधल्या माणसाने करायचं काय? भिंतीला लिंपायला परवानगी मागायची, आणि ती येईपर्यंत भिंतीला थांबायची विनंती करायची.

मी बिल्डरचा माणूस आहे असं समजू नका. रेघ नसती तर दिल्ली दरवाजासमोर केव्हाच काचेचा मनोरा उभा राहिला असता. खाली बँक, वर कॉल सेंटर, आणि बुरुजावर चढलेल्या पोरांना त्या काचेत आपलंच तोंड. तो मलाही नको. पण तुमच्या टेपला मीटर कळतात, उंची कळत नाही. दुमजली कौलारू घर आणि वीस मजली कार्यालय तिच्यावर सारखंच भरतं. दोन्हींना शंभराच्या आत बंदी. आणि मनोरा ३०१ व्या मीटरवर चढला तर तुमच्या वहीत तो नाहीच, मग दिल्ली दरवाजाच्या डोक्यावर तो शिंगासारखा का दिसेना.

याच्यावरचा उपाय तुमच्याच कायद्यात आहे, ही तर खरी गंमत. कलम २०-ई सांगतं की प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करा. शेजारी काय शोभेल, किती उंच, कोणत्या धाटणीचं, हे जागा पाहून ठरवा. स्मारकं साडेतीन हजारांवर. आजवर अंतिम झालेले उपविधी मोजकेच. तोवर अजिंठ्याला शंभर मीटर आणि रस्त्याकडेच्या एकट्या शिलालेखालाही शंभर मीटर. असा समतावाद रेशनच्या दुकानातसुद्धा आढळत नाही.

आणि कार्यालयांचं वाड्यांना वावडं कधीपासून? शनिवारवाडा पेशव्यांचं घर होतं, पण त्याहून जास्त ती कचेरी होती. अर्ध्या हिंदुस्थानचा हिशोब तिथे मोडीत लिहिला जाई. त्या दप्तराचे हजारो रुमाल पुण्याच्या पुरालेखागारात आजही आहेत. इंग्रज आले, त्यांनी आत तुरुंग ठेवला, दवाखाना ठेवला, वेड्यांचं इस्पितळ ठेवलं. तीन सरकारी खाती एका छताखाली, आपण ज्याला प्रशासकीय भवन म्हणतो तेच. १८२८ च्या आगीने ती जागा रिकामी केली. विश्रामबागवाड्यात तर पुण्याच्या नगरपालिकेनेच वर्षानुवर्षं संसार केला. म्हणजे सरकारी कार्यालय वाड्याच्या पोटात चालतं, खाजगी घर शंभर मीटरवर चालत नाही.

सरकारच्या बाबतीत टेप थोडी लवचीक आहे, हेही आम्ही कन्हेरीत बसून वाचतो. शंभर मीटरच्या आतल्या कामांना परवानग्या द्यायला पूर्वी एक तज्ज्ञ समिती होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या परवानग्या बेकायदा ठरवल्या. २०१० च्या दुरुस्तीने रेघ कडक केली आणि त्याच हाताने त्या समितीच्या शिफारशीने दिलेल्या परवानग्या पावनही करून घेतल्या. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने आणखी एक विधेयक मंजूर केलं : निषिद्ध क्षेत्रात केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना वाट द्यावी. ते राज्यसभेत जाऊन प्रवर समितीत अडकलं. उड्डाणपुलाला वाट काढायचा विचार लोकसभेपर्यंत गेला. पडक्या माडीचा विचार कुठपर्यंत गेला ते तुम्हीच कळवा.

तुमचं श्रेय मात्र मी बुडवणार नाही. पुण्याची मेट्रो नगर रस्त्याने आगाखान पॅलेसच्या समोरून जाणार होती. तुमच्या रेघेमुळे तिला कल्याणीनगरकडे वळावं लागलं. ज्या वाड्यात कस्तुरबा आणि महादेवभाई कैदेत वारले, त्याच्या तोंडासमोर मेट्रोचे खांब उभे राहिले नाहीत, हे चांगलंच झालं. सरकारी प्रकल्पाला वळसा घालायला लावणारं खातं या देशात विरळा. म्हणून तर हरकतीसाठी तुमच्याकडेच आलो.

एक शंका विचारतो, रागावू नका. २०१३ मध्ये कॅगने पाहणी केली तेव्हा संरक्षित यादीतली ९२ स्मारकं जागेवर नव्हती. शोधाशोध झाल्यावर बरीच सापडली, काही सापडलीच नाहीत. न सापडलेल्यांत आमच्या पुण्याचंही एक नाव होतं : जुनं युरोपीय थडगं. आता स्मारक हरवलं तर शंभर मीटर मोजायचे कुठून? पुण्यात कुठेतरी एक निषिद्ध वर्तुळ केंद्राशिवाय हिंडतंय, आणि आपण त्याच्या आत राहतो की बाहेर हे कुणाला ठाऊक नाही. २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याने १८ स्मारकं यादीतून काढायचं ठरवलं; त्यात हरियाणातला एक कोस मिनार होता, झाशीतली एका गोलंदाजाची कबर होती. शेजाऱ्यांनी वीट हलवू नये म्हणून एवढी दक्षता, आणि खुद्द स्मारक गेलं तेव्हा पहाऱ्यावर कुणी नाही!

तेव्हा आमचं म्हणणं असं. शनिवारवाड्यावर एकदा माणूस पाठवा, टेप न देता. त्याला दिल्ली दरवाजाच्या नगारखान्यात उभं करा आणि डोळ्यांना काय खुपतं ते लिहून घ्या. जे खुपत नाही, म्हणजे कौलं, माड्या, दोन-तीन मजले, ते त्याच मापाने पुन्हा बांधायची परवानगी पुण्यातच मिळू द्या, पावसाळ्याच्या आत. जे खुपतं ते ३०१ मीटरवर असलं तरी अडवा. उपविधी म्हणजे याहून फार वेगळं काही नसावं, असा आमच्या पारावरचा समज आहे. चुकत असेल तर इंग्रजीत दुरुस्त करून पाठवा, वाचून घेऊ.

कन्हेरीच्या प्रकरणी समिती पाहणीला येणार असेल तर आषाढात, तुकोबांची पालखी बारामती सोडते त्या दिवशी यावं. काटेवाडीत मेंढरांचं रिंगण असतं, तेही बघून होईल. मेंढरं पालखीभोवती धावतात आणि कुणीही मीटर मोजत नाही. टेप आणू नका, ऊस मोजायची आमच्याकडे आहे. नारळाची सोय मारुतीच्या दारात होईल.

कळावे, हरकत असावी, ही विनंती.

आपला,
एक कन्हेरीकर

ता. क. : पुण्यातलं ते युरोपीय थडगं सापडलं तर आधी आम्हाला कळवा. त्याच्यापासून ९९ मीटरवर संकुल हलवायची आमची तयारी आहे. कन्हेरीत मारुती नाही पावला, तर तिथे गोरा साहेब तरी पावेल.