चहा घ्या, म्हणजे करून घ्या

माथेरानला वर्षानुवर्षं एकच हॉटेल धरून बसणारी कुटुंबं असतात. मधे पाच-सहा वर्षं फिरकली नाहीत तरी ‘आपलं नेहमीचं’ म्हणतात. यंदा ती पुन्हा निघतात, नेरळला टॅक्सी धरून दस्तुरी नाक्यावर येतात, प्रवेशकर भरतात, घोडेवाल्याशी हुज्जत घालून अखेर अमन लॉजहून शटल पकडतात आणि तांबड्या धुळीतून बॅगा फरफटवत पोचतात, तर हॉटेलचं रिसॉर्ट झालेलं असतं.

झालं म्हणजे पाटी बदलली. मोझॅकवर टाइल्स बसल्या. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्या जाऊन भिंतीवर सेल्फीसाठी दोन पंख रंगवले गेले. हौस एकेकाची. पण चहा?

पूर्वी सकाळी साडेसहाला दारावर टकटक व्हायची. स्टीलची किटली, कपबशा, आल्याचा वास, आणि ‘काका, अजून अर्धा कप?’ आता टेबलावर ट्रे असतो. त्यात इलेक्ट्रिक केटल, दोन टी-बॅगा, साखरेच्या दोन पुड्या आणि डेअरी व्हाइटनरच्या दोन. माणसं चार. केटलची वायर वीतभर, प्लग पलंगामागे जमिनीलगत. त्यामुळे घरचा कर्ता पुरुष भल्या पहाटे फरशीवर मांडी घालून पाणी उकळण्याची वाट बघतो. पुडीवर ‘इथून फाडा’ असा बाण आहे. तिथून ती फाटत नाही. दातांनी फाटते, आणि मग निम्मी पावडर पायजम्यावर सांडते. उरलेली चमचाभर कपात पडली की गोळे होऊन तरंगते. रिसेप्शनला फोन लावावा तर उत्तर तयार: ‘सर, कॉम्प्लिमेंटरी दोनच असतात. एक्स्ट्रा चार्जेबल.’

आणि दूध? ‘सर, गाड्या वर येत नाहीत ना.’

खरं आहे, माथेरानला मोटारींना बंदी आहे, सामान घोड्यावर नाहीतर हातगाडीवर येतं. पण रात्रीच्या बुफेत पनीर बटर मसाला होता, मलई कोफ्ता होता, दहीवडा होता, रसमलाई होती, आणि लहान मुलांसाठी चीजचा धबधबा घातलेला पास्ता होता. हे सगळं काय पॅनोरमा पॉइंटवर झाडाला लागतं? म्हणजे दूध डोंगर चढतं, स्वयंपाकघरात शिरतं, नासतं, विरजतं, आटतं, फक्त सकाळच्या कपापाशी येऊन त्याचा दम निघतो. 1907 साली या डोंगरावर आगगाडी चढवली माणसांनी, आणि आज दीड कप दूध स्वयंपाकघरातून खोली नंबर बारापर्यंत आणता येत नाही! अडचण घाटाची नाही. अडचण त्या टकटक करणाऱ्याच्या पगाराची आहे. तो काढला, पाहुण्याला बिनपगारी वेटर केलं आणि भाडं दुप्पट केलं. लबाडी आहे ही. हिला ‘इन-रूम टी एक्स्पीरियन्स’ म्हणायचं आणि समोरच्याने मान डोलवायची!

हिशेबात मात्र ही मंडळी पक्की. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे, त्यापुढे 18. इथलं भाडं 7,499. एवढ्या बारकाईने रुपया मोजणाऱ्याला खोलीतली डोकी मोजता येत नाहीत.

त्यात चेक-इन दुपारी 1 ला, चेक-आउट सकाळी 10 ला. दिवस 21 तासांचा.

निघताना ब्लेझर घातलेला मुलगा अदबीने मोबाइल पुढे करतो: ‘सर, पाच स्टार द्या आणि माझं नाव टाका, प्लीज.’ त्या पोराचा काय दोष? गृहस्थ निमूट देतात. बिलात ‘टी किट एक्स्ट्रा’ची ओळ असतेच. सोबत ‘रिपीट गेस्ट’ म्हणून 10 टक्के सवलतीचं कूपन. ते दिवाळीत चालत नाही, नाताळात नाही, मे महिन्यात नाही, शनिवार-रविवारी तर नाहीच. चालतं ते जुलैतल्या मंगळवारी, नेरळहून वर येणारी गाडी पावसामुळे बंद असते तेव्हा. बाईसाहेबांनी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलंय.