सबब लिहून कळविण्यात येते की

अतिभोजन हा दुर्गुण आहे हे आमच्या मामांना सर्वस्वी मान्य आहे. नव्हे, भरल्या पानावरून उठून सुपारी कातरता कातरता त्यांनी या विषयावर केलेले विवेचन मी अनेकवार ऐकले आहे. त्यांचे म्हणणे एवढेच की, तो दुर्गुण त्यांच्या ठायी नाही. तीस वर्षे मामलेदार कचेरीत काढून अव्वल कारकून म्हणून पेन्शन घेतलेल्या या गृहस्थाने सबबीवाचून एकही कागद पुढे सरकविला नाही आणि सबबीवाचून एकही घास तोंडात घातला नाही. कचेरीत सबब म्हणजे कारण आणि घरी सबब म्हणजे लबाडी, हा भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाही मामांच्या जेवणात पहिली कोठे संपते व दुसरी कोठे सुरू होते हे सांगता यावयाचे नाही.

लग्नाच्या पंगतीत ‘आज आपल्याला नुसता वरणभात’ अशी हरकत मामा आपोष्णीपूर्वीच नोंदवून ठेवतात आणि ती यजमानाच्या कानी गेल्याची खातरजमाही करून घेतात. कारण पुढे जे घडते ते केवळ आग्रहापुढे नाइलाज झाल्यामुळे घडले, असा दाखला दप्तरी असावा लागतो. जिलेबीचे ताट समोर येताच त्यांचे दोन्ही हात पानावर आडवे होतात हे खरे, पण बोटांमध्ये एक जिलेबी अलगद उतरेल एवढी फट राखलेली असते, आणि जुनेजाणते वाढपी त्या फटीच्या धोरणानेच वाढतात. एकदा एका नवख्या पोराने तो नकार खरा मानला व ताट पुढे नेले. मामांच्या चेहऱ्यावर अर्ज दाखल होण्यापूर्वीच फेटाळला गेल्याचा भाव उमटला. ‘अरे, विहीणबाईंना काय वाटेल!’ असे म्हणून त्यांनी त्याला तीन पानांवरून माघारी बोलाविले. पुढे जिलेबी जिरावी म्हणून मठ्ठा, मठ्ठा वाटीत उरला म्हणून जिलेबी, असे ते प्रकरण दोन टेबलांमध्ये हिंडणाऱ्या कागदासारखे कितीतरी वेळ निकालात निघाले नाही.

शास्त्राधार हवा असेल तर तोही मामांपाशी आहे. चरकाने विमानस्थानात उदराचे तीन भाग कल्पून एक घन आहाराला, एक द्रवाला आणि एक वातपित्तकफांना नेमून दिला. वाग्भटाने अष्टांगहृदयात चार भाग करून दोन अन्नाला व एक पेयाला दिला आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावयास सांगितले. मामा वाग्भटाचे. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा निम्मा हिस्सा मोठा, शिवाय वाग्भट चरकानंतरचा, सबब मागला हुकूम मागाहूनच्या हुकुमाने आपोआप रद्द! राहता राहिली वायूची चौथाई. तर बाळाजी विश्वनाथाने १७१९ साली दिल्लीहून चौथाईच्या जोडीला सरदेशमुखीचीही सनद आणली, म्हणजे शेकडा २५ वर आणखी शेकडा १०. तेव्हा वायूने आपली चौथाई खुशाल घ्यावी, परंतु आपण सरदेशमुखी श्रीखंडाच्या रूपाने वसूल केल्यास त्यास तक्रारीचे कारण नाही, असा मामांचा निर्वाळा आहे. (हे गणित मला कधी उमगले नाही, पण ते ऐकताना मीही एक वाटी श्रीखंड संपविली होती, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.)

तथापि मामांची खरी प्रतिभा पाहावयाची तर एकादशीस. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या घरी थट्टेने नव्हे, मापाने वापरतात. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, गेल्या चारपाचशे वर्षांत इकडे आलेली. उपवास सांगणाऱ्या ऋषींनी ती जन्मात पाहिली नव्हती, हे मी एकदा मोठ्या उमेदीने मामांच्या निदर्शनास आणले. त्यांनी खिचडीचा घास सावकाश संपविला.

‘म्हणून तर मनाई नाही,’ ते म्हणाले. ‘ज्याचं नावच यादीत नाही, त्याला हरकत कोण घेणार?’

गेल्या वैशाखात लागोपाठ तीन लग्ने झाली आणि मामांनी अंथरूण धरले. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, पोट चाचपले व ‘काय खाल्लंत?’ असा सरळ प्रश्न टाकला. काय खाल्ले ते मामांनी सांगितलेच नाही. का खाल्ले याची कैफियत मात्र तपशीलवार दिली. पहिल्या लग्नात वधूपिता हात जोडून पानासमोर उभा राहिला, दुसऱ्यात आचारी मामांच्या गावचा निघाला, आणि तिसऱ्यात वळवाच्या पावसाने निम्मी मंडळी आलीच नाहीत, तेव्हा १९४३ साली मुंबईला मुलाकडे राहून रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला अन्न वाया जाताना पाहवले नाही.

वैद्यबुवांनी सारे शांतपणे ऐकून घेतले, दोन पुड्या बांधून दिल्या, ‘उद्या दिवसभर लंघन’ असे बजावले आणि ते पायऱ्या उतरले. त्यांच्या वहाणांचा आवाज विरेपर्यंत मामा डोळे मिटून पडून होते. मग कुशीवर वळून स्वयंपाकघराच्या रोखाने क्षीण स्वरात म्हणाले,

‘ऐकलंस का गं? उद्या मला उपास. शेरभर साबुदाणा भिजत घाल. वैद्यबुवांचा हुकूम आहे.’