बॅटरीवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक बॅटरीवाले काका असतात. निवृत्तीआधी ते नेमकं काय करायचे, याबद्दल बी विंगमध्ये दुमत आहे. पण पार्किंगमध्ये एखाद्या गाडीने सकाळी नुसतं 'टक्' केलं, की काका बनियनवर शर्ट चढवत मल्टिमीटरसकट हजर होतात, याबद्दल नाही.

गाडीवाल्याला ऑफिस गाठायचं असतं. "काका, शेजारच्या गाडीवरून जम्प स्टार्ट देऊ?" तो विचारतो.

"देऊ की. पण कारण कोण शोधणार?"

काकांना गाडी सुरू होण्यात रस नसतो, ती बंद का पडली यात असतो.

"बॅटरी गेली असेल," वॉचमन सुचवतो.

"गेली म्हणजे? मोजलीस?" काका मीटरच्या तारा टेकवतात. "११.६! भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, बाळा."

केबल लागतात, गाडी सुरू होते आणि काकांचा चेहरा पडतो. मग चालू इंजिनवर पुन्हा मीटर. "१४.१. म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय. १३च्या खाली असता तर आधी बेल्ट बघितला असता."

"मग मी निघू?"

"निघू काय? दिवसा भरतेय ते कळलं. रात्री पितंय कोण?"

गाडी बंद. निगेटिव्हची वायर सोडवून मधे मीटर जोडला जातो. "आता गाडीला झोपू द्यायचं. वीस मिनिटं कुणी दाराला हात लावायचा नाही. रिमोट दाबायचा नाही."

सगळे कुजबुजत उभे राहतात. अठराव्या मिनिटाला वहिनी येतात आणि मागच्या सीटवरचा डबा काढायला दार उघडतात.

"पुन्हा पहिल्यापासून!" काका आनंदाने ओरडतात.

अखेर आकडा येतो: ४२० मिलिअँपिअर. "५०पर्यंत माफ. हे काय?" मग एकेक फ्यूज उपसणं. एक फ्यूज निघताच आकडा ३०वर उतरतो. गुन्हेगार डिकीतला पाच वॉटचा दिवा! तांदळाच्या पोत्यामुळे डिकी अर्धवट लागलेली आणि शनिवारपासून गाडी जागची हललेली नाही.

"दिवसाला दहा अँपिअर-तास," काका हवेत गणित मांडतात. "तुमची बॅटरी ३५ची. कितीशी टिकणार?"

गाडीवाल्याचं ऑफिस तोवर बुडालेलं असतं. काका मात्र तिथेच थांबून, दिवा बॅटरी कशी खातो हे वॉचमनला दुसऱ्यांदा समजावत असतात.

तरी काकांना हसू नये. घाईघाईने नवी बॅटरी बसवली असती, तर तीही त्याच दिव्याने चार दिवसांत रिकामी केली असती. दुकानदाराने तिसरीही आनंदाने विकली असती. तेव्हा खिशात हात घालण्याआधी काकांना जरूर बोलवा. फक्त रविवारी बोलवा.